दाबाला स्वतःचे समीकरण नसते

रासायनिक अभियांत्रिकी शिकणाऱ्याला सर्वात आधी भेटतो तो वस्तुमानाचा ताळेबंद. जेवढे आत आले ते बाहेर गेले, किंवा आत साठले. मग ऊर्जेचा ताळेबंद येतो, बाष्प आणि द्रव यांचा समतोल येतो, अभिक्रियेचा वेग येतो. या प्रत्येकाच्या वाट्याला एक ठसठशीत समीकरण आलेले असते. तापमान हवे असेल तर ऊर्जेचा ताळेबंद सोडवायचा, एखाद्या घटकाचे प्रमाण हवे असेल तर त्या घटकाचा. दाब मात्र या रांगेत कुठेच उभा नसतो. वस्तुमान अक्षय्य आहे, ऊर्जा अक्षय्य आहे. दाबाच्या अक्षय्यतेचा नियम कुणी सांगितलेला नाही, कारण तसा नियमच नाही.

आणि तरीही कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरची नजर आधी जाते ती दाबाच्याच आकड्यावर. पात्रातला दाब वाढला की आवक मंदावते आणि जावक वाढते. खालच्या अंगाचा एक व्हॉल्व्ह आवळला की वरच्या तीन यंत्रांना त्याची झळ लागते. प्रवाह ठरतो दाबांच्या फरकावरून. मग दाब कशावरून ठरतो? सगळ्या प्रवाहांचा हिशेब जुळला पाहिजे, यावरून. म्हणजे दाब हा असा अज्ञात आहे की त्याचे सगळे आयुष्य दुसऱ्याचे समीकरण खरे करण्यात जाते. या पुस्तकातली प्रत्येक पद्धत, मग ती शंभर वर्षांपूर्वी कागदावर चालणारी असो की आजच्या सिम्युलेटरच्या पोटातली असो, या एकाच अडचणीवर शोधलेला उपाय आहे. सिम्युलेशन अडले की आपण संगणकाला किंवा गणिताला दोष देतो. माझे ठाम मत असे की बहुतेक वेळा दाब कुठे ठेवायचा आणि प्रवाह कुठे, ही मांडणीच चुकलेली असते, आणि ती चूक गणितज्ञापेक्षा प्लांट ओळखणाऱ्या माणसाला लवकर दिसते.

सुरुवातीच्या सिम्युलेटरनी ही अडचण बाजूला ठेवली होती, आणि त्यांच्या कामापुरते ते योग्यच होते. मोन्सँटो कंपनीचा फ्लोट्रान किंवा अमेरिकेच्या सरकारच्या मदतीने १९७६ साली एमआयटीत सुरू झालेला अ‍ॅस्पेन प्रकल्प, यांची चाल अशी: यंत्रे एकामागून एक घ्यायची, आलेल्या प्रवाहावरून जाणारा प्रवाह काढायचा आणि पुढच्या यंत्राकडे सोपवायचा. पुढचा एखादा प्रवाह वळून मागे येत असेल तर तिथे अंदाज धरायचा आणि अंदाज व उत्तर जुळेपर्यंत फेऱ्या मारायच्या. फेऱ्या लवकर आटोपाव्यात म्हणून वेगस्टाइनने १९५८ मध्ये दिलेली युक्ती आजही वापरली जाते. या सगळ्यात दाब वापरणाराच सांगतो. हीट एक्स्चेंजरमध्ये अर्धा बार कमी होईल, व्हॉल्व्हनंतर ३ बार राहील, असे लिहून द्यायचे. नव्या कारखान्याचा आराखडा करताना हेच हवे असते, कारण दाब ठरवण्याचा अधिकार तेव्हा आपल्याकडेच असतो. पण या मांडणीत खबर फक्त पुढे जाते, मागे कधीच येत नाही. शेवटचा व्हॉल्व्ह बंद झाला तरी पहिल्या पंपाला ते कळत नाही. कारखाना सुरू करणे, बंद करणे, कंप्रेसर ट्रिप होणे, रिलीफ व्हॉल्व्ह उडणे, यांतले काहीही तिथे दिसू शकत नाही. ते पाहायचे असेल तर संगणकाशी करार उलटा करावा लागतो: कारखान्याच्या हद्दीवरचे दाब, व्हॉल्व्ह किती उघडे आहेत ते आणि पंपांचे वक्र मी देतो, आतले सगळे दाब आणि सगळे प्रवाह तू सांग.

हा करार पाळताना संगणक नेमके काय करतो ते एका छोट्या सांध्यावर पाहू. व्हॉल्व्हचा केव्ही म्हणजे त्याच्या दोन बाजूंत १ बारचा फरक असताना त्यातून दर तासाला जाणारे पाणी, घनमीटरमध्ये मोजलेले. फरक बदलला की प्रवाह त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. आता ९ बारच्या हेडरमधून केव्ही १० च्या व्हॉल्व्हमार्गे पाणी पाइपच्या एका सांध्यापर्यंत येते. तिथून एक फाटा केव्ही ६ च्या व्हॉल्व्हमार्गे १ बारच्या टाकीत जातो, दुसरा केव्ही ४ च्या व्हॉल्व्हमार्गे ४ बारच्या पात्रात. सांध्यावरचा दाब किती?

आधी अंदाज धरू, ५ बार. मग हेडरकडून येणारे पाणी १० गुणिले ४ चे वर्गमूळ, म्हणजे २०. टाकीकडे जाणारे १२, पात्राकडे जाणारे ४, एकूण १६. चार घनमीटर जास्त येत आहेत, म्हणजे अंदाज कमी पडला. किती कमी? या ठिकाणी दाब १ बारने वाढवला तर आवक २.५ ने घटते, टाकीची जावक १.५ ने आणि पात्राची २ ने वाढते. म्हणजे तफावत एका बारला ६ या दराने मिटते. ४ भागिले ६, ०.६७. नवा अंदाज ५.६७ बार. आता आवक १८.२६, जावक १८.१३. तफावत ४ वरून ०.१३ वर आली. आणखी एक फेरी, दुरुस्ती ०.०२, दाब ५.६९. आवक १८.१९; जावक १२.९९ आणि ५.२०, म्हणजे १८.१९. संपले.

ही न्यूटनची पद्धत. न्यूटनने आणि नंतर १६९० मध्ये जोसेफ रॅफसनने ती बहुपदींसाठी मांडली. उताराच्या रूपात ती कुठल्याही समीकरणाला लावता येते हे टॉमस सिम्पसनने १७४० मध्ये दाखवले. वरच्या हिशेबातल्या एका गोष्टीकडे वाचकाने थांबून पाहावे. आपण दाबाचे कुठलेही समीकरण सोडवले नाही. पाण्याचा ताळेबंद सोडवला, आणि तो जुळावा म्हणून दाब हलवत गेलो. खऱ्या कारखान्यात असे हजारो सांधे असतात, त्यामुळे उताराच्या एका आकड्याच्या जागी एक प्रचंड मॅट्रिक्स येते. पण कुठलाही सांधा फक्त आपल्या शेजाऱ्यांशी जोडलेला असतो, म्हणून त्या मॅट्रिक्समधले बहुतेक आकडे शून्य असतात, आणि शून्यांना हात न लावता ती सोडवण्याचे तंत्र गेल्या अर्धशतकात इतके पक्के झाले आहे की त्याची काळजी आपण करू नये.

काळजी करावी ती हद्दीवर काय द्यायचे याची. वर आपण तीन टोकांना तीन दाब दिले. त्याऐवजी तिन्ही टोकांना प्रवाहच दिले, १८.१९, १२.९९ आणि ५.२०, तर? आकडे अगदी बरोबर आहेत, ताळेबंद जुळतो, आणि तरीही संगणक उत्तर देणार नाही. कारण प्रवाहांवरून दाबांतले फरक कळतात, दाब कळत नाहीत. सगळ्या दाबांत २० बार मिळवले तरी प्रवाह तेच राहतील. आणि प्रवाहांतला एखादा आकडा शंभरांशाने चुकला तर ताळेबंदच अशक्य होतो. निदान एका टोकाला दाब द्यावाच लागतो. नवशिक्याचे मॉडेल पहिल्याच क्षणी बंद पडते तेव्हा सर्वात आधी मी हेच तपासायला सांगतो.

संगणक येण्यापूर्वीही हे हिशेब होत होते. इलिनॉय विद्यापीठातल्या हार्डी क्रॉसने इमारतींच्या चौकटींसाठी १९३० मध्ये एक फेऱ्यांची पद्धत दिली होती. १९३६ मध्ये त्याने तोच विचार पाण्याच्या नळांच्या जाळ्याला लावला. प्रत्येक सांध्यावर ताळेबंद जुळेल असे प्रवाह मनाने धरायचे, मग एका वळशाला पूर्ण प्रदक्षिणा घालून दाबाची घट-वाढ मोजायची. परत मूळ जागी आल्यावर बेरीज शून्य यायला हवी. आली नाही तर त्या वळशातले सगळे प्रवाह थोडे सरकवायचे आणि पुढच्या वळशाकडे वळायचे. पेन्सिल आणि स्लाइड रूल एवढ्यावर शहराच्या पाणीपुरवठ्याचा हिशेब करता येऊ लागला, आणि कित्येक दशके जगभर तो असाच होत राहिला. क्रॉस एका वेळी एकच वळसा दुरुस्त करतो, त्यामुळे मोठ्या जाळ्यात ही पद्धत रेंगाळते. इटलीच्या तोदिनी आणि पिलाती यांनी १९८७ मध्ये सगळे दाब आणि सगळे प्रवाह एकदम सोडवण्याची रीत मांडली, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९३ मध्ये फुकट दिलेल्या एपानेट या प्रणालीच्या गाभ्याशी तीच रीत आहे. पाणीपुरवठ्याचे अभियंते आणि रासायनिक अभियंते एकमेकांची पुस्तके फारशी वाचत नाहीत याचे मला नेहमी वाईट वाटते. दोघांचा सांधा एकच आहे.

आता आपल्या सांध्याकडे परत जाऊन हेडरचा व्हॉल्व्ह आवळू. केव्ही १० चा ३ केला. सांध्याचा दाब उतरून ३.५७ बारवर येतो. पण पात्र ४ बारवर आहे! म्हणजे त्या फाट्यातून पाणी उलटे वाहू लागते, तासाला २.६२ घनमीटर, पात्रातून सांध्याकडे आणि तिथून टाकीत. त्या फाट्यावर एनआरव्ही, म्हणजे उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह, बसवला असेल तर तो मिटतो, पात्र हिशेबातून बाहेर पडते, आणि सांध्याचा दाब आणखी उतरून २.६ बार होतो. एका एनआरव्हीने उत्तर जवळजवळ १ बारने बदलले. पात्रात पाण्याऐवजी अभिक्रियेतला माल असता तर या दोन उत्तरांतला फरक आकड्यापुरता राहिला नसता.

या दोन स्थितींच्या मधे, हेडरच्या व्हॉल्व्हचा केव्ही सुमारे ४.६५ असताना, सांध्याचा दाब नेमका ४ बार होतो आणि पात्राकडचा प्रवाह शून्यावर येतो. ही जागा मला या सगळ्या विषयात सर्वात महत्त्वाची वाटते. वर्गमुळाचा उतार शून्यापाशी अनंत होतो. फरक ०.०१ बार असताना आपल्या केव्ही ४ च्या व्हॉल्व्हचा उतार २० आहे, ०.०००१ बारला तो २००. दशलक्षांश बारला २०००. एकट्या वर्गमुळाच्या समीकरणावर न्यूटनची पद्धत लावून पाहा: फरक +०.०१ असेल तर पुढचा अंदाज येतो −०.०१, त्यापुढचा पुन्हा +०.०१, आणि हे कधीच थांबत नाही. पद्धत चुकलेली नाही, संगणक बिघडलेला नाही, आणि तरी उत्तर शून्याच्या दोन्ही बाजूंना उड्या मारत राहते. पडद्यावर एखादी सुई अशी फडफडताना दिसली की अनुभवी माणूस आधी बंद पडत आलेला प्रवाह शोधतो.

यावर पुष्कळ जण उलटी वाट धरतात: प्रवाहावरून दाब काढायचा, म्हणजे वर्गमुळाऐवजी वर्ग येईल. मग उतार अनंत होत नाही, पण शून्य होतो, आणि शून्याने भागायची पाळी येते. दुखणे फक्त कूस बदलते. खरा उपाय भौतिकशास्त्रानेच देऊन ठेवला आहे. वर्गमुळाचा नियम खळबळत्या प्रवाहाचा आहे. ऑस्बोर्न रेनल्ड्सने १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची रेघ सोडून दाखवले की वेग कमी झाला की प्रवाह थरांनी वाहू लागतो, आणि थरांनी वाहणारा प्रवाह दाबाच्या फरकाशी सरळ प्रमाणात असतो. म्हणजे शून्याजवळ निसर्गातही वर्गमूळ नाही, सरळ रेषा आहे. सिम्युलेटरमध्येही अगदी लहान फरकांसाठी ती रेषा घालायची आणि पुढे वर्गमुळाला बेमालूम जोडून द्यायची. रेषेचा पट्टा किती रुंद ठेवायचा हा मात्र निवडीचा भाग आहे. फार रुंद ठेवला तर कमी फरकावर चालणाऱ्या लाइनचे प्रवाह चुकतात, फार अरुंद ठेवला तर उड्या परत येतात.

वायूंच्या बाबतीत आणखी एक वळण आहे, ते लवकर सांगून टाकतो. व्हॉल्व्हमधून जाणाऱ्या वायूचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की खालचा दाब कितीही उतरवा, प्रवाह वाढत नाही. हवेसाठी हे खालचा दाब वरच्याच्या सुमारे ५३ टक्क्यांवर आला की घडते. तिथून पुढे खालचा सांधा वरच्याला काहीच सांगू शकत नाही. फ्लेअरच्या लाइनींचे जाळे सोडवणे अवघड जाते त्याचे हे मोठे कारण.

इथपर्यंत वेळ थांबलेला होता. तो सुरू केला की नवीच अडचण उभी राहते. आपल्या सांध्याजवळच्या पाइपात १०० लिटर पाणी मावते असे धरू. पाणी दाबले जाते, पण फार थोडे: त्याचे आकारमान दहा हजारांत एका भागाने कमी करायला सुमारे २.२ बार लागतात. १० बारच्या वायूला तेवढ्याच आकुंचनासाठी हजारांश बार पुरतो. त्यामुळे सांध्यात आवक-जावकीची तफावत पडली की दाब तिथे विजेच्या वेगाने चढतो आणि तितक्याच वेगाने नव्या जागी स्थिरावतो. आपल्या आकड्यांवरून हिशेब केला तर ही वेळ सेकंदाच्या सुमारे तीन हजारांश भागाएवढी निघते. शेजारच्या टाकीची पातळी मात्र तासाभरात सावकाश बदलते. आताच्या दाबावरून पुढचा दाब काढायचा ही सर्वात सोपी रीत वापरली तर प्रत्येक पाऊल सहा हजारांश सेकंदापेक्षा लहान ठेवावे लागते. पाऊल मोठे झाले की उत्तर भरकटते. एका तासाच्या सिम्युलेशनला सहा लाख पावले, आणि ती सगळी अशा घटनेसाठी की जिच्यात आपल्याला काडीचा रस नाही.

वेगवान आणि संथ घटना एकाच समीकरणसंचात बांधल्या गेल्या की असे होते. कर्टिस आणि हर्शफेल्डर यांनी १९५२ मध्ये याकडे लक्ष वेधले, आणि ते दोघे रसायनाच्या प्रश्नांवरच काम करत होते. उपाय असा की पुढच्या क्षणाचा दाब काढताना पुढच्याच क्षणाचे प्रवाह वापरायचे. म्हणजे उत्तर समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येते, आणि प्रत्येक पावलाला आपला तोच न्यूटनचा हिशेब करावा लागतो. पण पाऊल कितीही मोठे घेतले तरी दाब भरकटत नाही. विल्यम गिअरने १९७१ च्या पुस्तकात ही रीत अधिक अचूक आणि वापरण्याजोगी केली. दुसरी वाट आणखी धीट आहे. ते १०० लिटर विसरून जायचे. सांध्यात काहीच साठत नाही असे मानायचे, मग दाबाचा बदल हा प्रश्नच उरत नाही. दाब प्रत्येक क्षणी ताळेबंदातून निघतो आणि टाकीची पातळी तेवढी वेळेबरोबर चालते. बदलाची समीकरणे आणि साधी बीजगणिती समीकरणे यांचे हे मिश्रण सोडवण्यासाठी लिंडा पेट्झोल्ड यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी डॅसल हा प्रोग्रॅम लिहिला, आणि सुरुवातीचे आकडे परस्परांशी सुसंगत कसे निवडायचे याची पद्धत कॉन्स्टंटिनोस पँटेलिडिस यांनी १९८८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून दिली.

कशाला साठा आहे आणि कशाला नाही हे ठरवणे म्हणजे अर्धे मॉडेल ठरवणे. साधा नियम असा: दाब पात्रात ठेवा, प्रवाह व्हॉल्व्हमध्ये, पाइपमध्ये, पंपात, आणि दोन दाबांच्या मधे कुठला ना कुठला अडथळा हवाच. दोन पात्रे थेट एकमेकांना जोडली तर त्यांचे दाब कायम सारखे असले पाहिजेत अशी सक्ती होते, आणि त्यांच्या मधला प्रवाह काढायला समीकरणच उरत नाही.

दाब आणि प्रवाह यांना असे एकाआड एक बसवण्याची गरज दुसऱ्या एका क्षेत्रात याहून तीव्रपणे जाणवली. द्रवाचा प्रवाह पाइपच्या जाळ्यात न पाहता भट्टीच्या किंवा पात्राच्या आत, जागोजागी काढायचा असतो तेव्हा सगळी जागा बारीक चौकोनांत विभागतात. वेगाला समीकरण आहे, दाबाला तिथेही नाही. दाब आणि वेग एकाच बिंदूवर ठेवले तर १००, ५००, १००, ५०० असा वर-खाली होणारा दाबही गणिताला सपाट वाटतो, कारण एक सोडून एक बिंदूंचीच तुलना होते. लॉस अलामोसच्या हार्लो आणि वेल्च यांनी १९६५ मध्ये दाब चौकोनाच्या मध्यावर आणि वेग त्याच्या कडांवर ठेवला. या पायावर सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पाल्डिंग यांनी १९७२ मध्ये इंपीरियल कॉलेजात सिंपल ही पद्धत उभी केली. दाबाचा अंदाज धरायचा, त्यावरून वेग काढायचे, प्रत्येक चौकोनाच्या ताळेबंदात किती तफावत राहते ते पाहायचे, आणि ती मिटेल एवढा दाब दुरुस्त करायचा. आपल्या तीन व्हॉल्व्हांच्या सांध्यावर केले ते हेच, लाखो सांध्यांवर.

पाटणकर पुण्याचे. १९४१ चा जन्म, पुण्यात अभियांत्रिकीची पदवी, मग आयआयटी मुंबई, मग लंडन, आणि पुढची कारकीर्द अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात. उष्णतेचे वहन आणि द्रवप्रवाह यांच्या संख्यात्मक पद्धतींवरचे त्यांचे १९८० चे पुस्तक जगभरच्या विद्यार्थ्यांनी झिजवले आहे. अवघड गोष्ट भौतिक अर्थ न सोडता सांगायची, प्रत्येक आकडा कुठल्या पेटीत शिरतो आणि कुठल्या भिंतीतून बाहेर पडतो ते दाखवायचे, ही त्या पुस्तकाची धाटणी माझ्यापुढे सतत होती. पुण्यातल्या एका विद्यार्थ्याने जगाला दिलेली ही विद्या मराठीत सविस्तर उपलब्ध असावी ही या लेखनामागची एक मोठी प्रेरणा आहे.

या सगळ्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याने टेक्सस सिटीतला २३ मार्च २००५ चा दिवस आठवावा. बीपीच्या तिथल्या रिफायनरीत १७० फूट उंचीचा एक स्तंभ सुरू करताना त्यात द्रव भरतच राहिला, जावक बंद होती. शेवटी द्रव माथ्यावरून ओसंडून बाष्पाच्या पाइपात उतरला. रिलीफ व्हॉल्व्ह त्या पाइपच्या तळाशी, माथ्यापासून सुमारे १५० फूट खाली होते. एरवी त्या उंचीचे वजन नगण्य, कारण पाइपात बाष्प असते. आता तिथे द्रव उभा राहिला, आणि व्हॉल्व्हपाशी दाब दर चौरस इंचाला सुमारे २१ पौंडांवरून ६४ वर गेला. व्हॉल्व्ह उघडले, द्रव जुन्या ब्लोडाउन ड्रममधून बाहेर उसळला, त्याची वाफ पेटली. १५ माणसे गेली, १८० जखमी झाली. चौकशी अहवालाने ज्या उणिवांवर बोट ठेवले त्यांत ऑपरेटरांना अशा दुर्मीळ प्रसंगांचा सराव देणारा सिम्युलेटर नव्हता, हीही एक होती. असा सिम्युलेटर बनवायचा तर त्यात उंचीचे वजन हवे, पूर्ण भरलेल्या पात्राचा दाब हवा, उलटा प्रवाह हवा, शून्य प्रवाह हवा. म्हणजे आपण वर जिथे जिथे अडखळलो त्या सगळ्या जागा.

आणि मॉडेलमधून जे काढून टाकले ते मॉडेल कधीच दाखवणार नाही, हेही सांगितले पाहिजे. सांध्यातले १०० लिटर आपण विसरलो तेव्हा पाण्याचा तडाखाही विसरलो. लांब पाइपातले, सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी झटक्यात अडवले तर दाब सुमारे १२ बारने उसळतो. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावरच्या प्रयोगांतून निकोलाय झुकोव्स्कीने १८९८ मध्ये याचे सूत्र दिले. नेहमीच्या प्रोसेस सिम्युलेटरमध्ये ती उसळी दिसत नाही. त्याला पाइपातून धावणारी लाट सोडवणारी वेगळी पद्धत लागते, आणि ती या पुस्तकात नाही. पाइपात द्रव आणि बाष्प एकत्र वाहतात त्याचाही फक्त परिचय आहे.

वाचक म्हणून माझ्यासमोर आहेत ते तारापूर, पाताळगंगा, लोटे परशुराम, कुरकुंभ इथल्या कारखान्यांतले तरुण अभियंते, आणि बारावीपर्यंत मराठीतून शिकून अभियांत्रिकीला गेलेले विद्यार्थी. बारावीचे कलनशास्त्र आणि मॅट्रिक्सची तोंडओळख पुरेल. महागडे सॉफ्टवेअर लागणार नाही. डीडब्ल्यूसिम हा मुक्त सिम्युलेटर कुणालाही उतरवून घेता येतो, आणि पवईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प त्याचा प्रसार करतो. पण सिम्युलेटर उघडण्याआधी एक काम कागदावर करा. त्याच सांध्यावर हेडरचा व्हॉल्व्ह पुन्हा १० वर आणा आणि टाकीकडचा पूर्ण बंद करा. ५ बारपासून सुरुवात केलीत तर पहिली दुरुस्ती तुम्हाला ८.५६ वर नेईल, उत्तराच्या पुढे, दुसरी ८.३३ वर मागे आणेल, तिसरी ८.३१ वर, आणि तेच उत्तर. पात्राकडच्या व्हॉल्व्हला कुणी हात लावलेला नाही, तरी त्यातून जाणारे पाणी तासाला ५.२० वरून ८.३० घनमीटरवर गेले आहे. पात्रावरचा रिलीफ व्हॉल्व्ह केवढा घ्यायचा ते या दुसऱ्या आकड्यावरून ठरवावे लागते, आणि पहिले प्रकरण त्या हिशेबाने सुरू होते.